वजन उतरवायला दीड वर्ष लागणार आहे? नागपुरात राहून ते कसं निभवायचं

वीस-पंचवीस किलो वजन उतरवायचं ठरवलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात सल्ल्याची फारशी गरज नसते. बूट नवे असतात, अंगात जोर असतो, घरचे कौतुक करतात. गरज लागते ती चौथ्या-पाचव्या महिन्यात. तोवर कौतुक थांबलेलं असतं, काटा हलत नसतो आणि समोर मे महिना उभा असतो. हा लेख त्या दिवसांसाठी आहे. मी या सगळ्यातून इथेच राहून गेले, नागपूरच्या उन्हात आणि नागपूरच्या पंगतीत, म्हणून इथलंच सांगते.

आधी हिशेब मांडू. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही उतरण डॉक्टर साधारणपणे सुरक्षित मानतात. अर्ध्या किलोने धरलं तर २५ किलोंना ५० आठवडे लागतात. मध्ये वजन थांबतं, सण येतात, ताप-सर्दी येते, म्हणून दीड वर्ष धरा. या दीड वर्षात एक नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), एक दिवाळी आणि एक लग्नसराई येणारच, यातलं काही दोनदाही येईल. तारखा माहीत आहेत, तर तयारीही आधीच करता येते. सुरुवातीचा जोर इतका लांब पुरत नाही. पुरतो तो आधी मांडून ठेवलेला आराखडा, आणि तो कसा मांडायचा हेच पुढे लिहिलं आहे.

१. आधी डॉक्टर, मग बूट

फॅमिली डॉक्टरकडे जा. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांची किंवा मिहानमधल्या एम्सची ओपीडीही चालेल. सोबत हे न्या:

- सध्या सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या-इंजेक्शनांची यादी. स्टेरॉइड, इन्सुलिन, मनाच्या आजारावरची काही औषधं यांनी वजन वाढू शकतं.
- मागचे रिपोर्ट, असतील तेवढे.
- आई-वडील, भावंडं यांना मधुमेह, थायरॉइड, हृदयविकार आहे का, याची नोंद.
- महिलांनी पाळीच्या मागच्या काही तारखा.
- सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर आधार कार्ड.

रक्तदाब, एचबीए१सी (साखरेची तपासणी), टीएसएच (थायरॉइडची), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची), हिमोग्लोबिन याबद्दल विचारा. कोणत्या तपासण्या लागतील ते डॉक्टर ठरवतील. मन टिकण्याशी याचा थेट संबंध आहे. थायरॉइड बिघडलेलं असेल आणि ते माहीतच नसेल, तर काटा हलत नाही म्हणून माणूस स्वतःलाच आळशी ठरवत बसतो. आणखी एक कारण आहे. एचबीए१सी साधारण मागच्या तीन महिन्यांची साखर दाखवतं. काटा अडला असतानाही हा आकडा खाली आलेला असू शकतो, आणि तो कागद हातात पडला की पुढचे दोन-तीन महिने सहज निघतात.

मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी एक जपायचं. जेवण कमी केल्यावर इन्सुलिनमुळे किंवा काही गोळ्यांमुळे साखर एकदम खाली जाऊ शकते. डोस किती बदलायचा ते डॉक्टरांनीच ठरवायचं, शेजारच्या काकूंनी नाही.

२. मोठा आकडा बाजूला ठेवा

भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. समजा तुमची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो आहे. बीएमआय ३२ येतो, आणि २५ वर यायला ६४ किलो व्हावं लागेल. म्हणजे १८ किलो. हा आकडा रोज डोळ्यासमोर ठेवला तर प्रत्येक सकाळी आपण हरलेलेच वाटतो.

म्हणून पहिला टप्पा फक्त पाच टक्क्यांचा ठेवा. ८२ चे ७८. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तरी साखर, रक्तदाब, चरबी यांत फरक दिसू लागतो, त्यामुळे हा टप्पा मनाची समजूत घालण्यापुरता नाही, तो खरोखर कामाचा आहे. ७८ आले की महिनाभर तिथेच टिकून दाखवा, मग ७४ चं बघा.

पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन किलो उतरले तर त्यावरून पुढचा हिशेब मांडू नका. शरीरात साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन, तो आपल्याबरोबर त्याच्या तिप्पट पाणी धरून असतो. जेवण कमी झालं की आधी हे पाणी जातं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वेग मंदावतो तो याचमुळे, आणि नेमके त्याच वेळी अनेक जण "आता काही होत नाही" म्हणून सोडून देतात.

३. काय काय लागेल

- घरचा डिजिटल वजनकाटा. एकच काटा, एकच जागा, सकाळी पोट साफ झाल्यावर. औषधाच्या दुकानातला एक दिवस आणि जिममधला दुसऱ्या दिवशी, असं केलं तर काही कळत नाही.
- शिंप्याची टेप. महिन्यातून एकदा कंबर मोजा.
- साधी वही. मोबाइलमधलं अ‍ॅपही चालेल, पण वही उघडी दिसते, अ‍ॅप बंद होऊन जातं.
- चांगले बूट. सगळ्या यादीत पैसा खर्च करायचा तो इथे. गुडघे तुमचेच आहेत.
- १५ मिलीचा मापाचा चमचा, तेलासाठी. एका चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात.
- घट्ट होणारा एक जुना कुर्ता किंवा पँट. महिन्यातून एकदा घालून बघायचा.

रोज वजन करणाऱ्यांनी रोजच्या आकड्यावर मन बांधू नये, सात दिवसांची सरासरी काढावी. काल रात्री सावजी झालं असेल तर मिठामुळे धरलेलं पाणी सकाळी काट्यावर दिसतं. पाळीच्या आधीही तसंच होतं. ही चरबी नसते. आकडा बघून दिवसभर मन खट्टू होत असेल तर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, वजन करा.

४. नागपूरचं वर्ष समोर मांडा

कॅलेंडर घ्या आणि पुढच्या बारा महिन्यांवर पेनने खुणा करा. सगळ्या महिन्यांकडून सारखी अपेक्षा ठेवू नका. काही महिने उतरायचे असतात आणि काही महिने फक्त आहे तिथे टिकायचं असतं. टिकण्याच्या महिन्यात वजन वाढलं नाही तर तो महिना जिंकला, असं वहीत लिहून ठेवा.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी* हे उतरायचे महिने. थंडीत सकाळी चालायला दम लागत नाही. सेमिनरी हिल्सचा चढ, अंबाझरीचा परिसर, रेशीमबाग मैदान, महालातल्यांना गांधीसागर, जे घरापासून जवळ ते निवडा. लांबची सुंदर जागा आठ दिवसांत सुटते. भाजीबाजारात मेथी, पालक, तुरीच्या शेंगा, सोले, वांगी असतात, ताटाचा अर्धा भाग भाजीने भरणं या दिवसांत सर्वात सोपं. संत्री सोलून खा, रस काढू नका. रसात तीन-चार संत्र्यांची साखर एका घोटात जाते आणि पोट भरवणारा चोथा मागे राहतो. फक्त शेतावरच्या रोडगे पार्ट्यांच्या तारखा आधी लिहून ठेवा. तुपात बुडवलेला रोडगा आणि वांग्याची भाजी एका दिवसापुरती मजेत खा, त्या आठवड्यात दुसरी पार्टी घेऊ नका.

*मार्च-एप्रिल* मध्ये वेळ बदलायची. सहाला निघणारे साडेपाचला निघा. ही सवय मे लागण्याआधी झाली पाहिजे, कारण मेमध्ये नवी सवय लागत नाही.

*मे आणि जूनची सुरुवात* हे टिकण्याचे दिवस. पारा ४५ च्या पुढे जातो. नवतप्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि सातपर्यंत उन्हाचा चटका बसायला लागतो. साडेसहापर्यंत घरी परतता येत असेल तरच बाहेर पडा. नाहीतर घरातच कूलरपुढे वीस मिनिटं जागच्या जागी चालणं, खुर्चीवरून उठ-बस, भिंतीवर हात टेकून दंड, एवढं पुरे. या दिवसांत जिद्दीने उन्हात चालू नका. लू लागली तर आठवडा वाया जातो, जिवावरही बेतू शकतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असाल तर उन्हाळ्यात पाणी-मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवा.

उन्हाळ्याचा खरा सापळा पिण्यात आहे. भूक मंदावते म्हणून आपण खूश असतो, आणि दुपारी उसाचा रस, संध्याकाळी गोड पन्हं, रात्री आमरस-सरगुंडे. प्यायलेली साखर पोटाला कळत नाही. माठातलं पाणी, मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक, लिंबूपाणी यांवर राहा. आमरस खाणारच असाल तर एक लहान वाटी, आणि त्या जेवणात पोळी एक कमी.

लग्नसराईही याच दिवसांत. पंगतीत आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, काकडीची कोशिंबीर पोटभर घ्या, गोडातला एकच आवडता पदार्थ निवडा. उपाशी जाऊ नका. घरून काकडी-ताक घेऊन निघालेला माणूस मांडवात शांत असतो.

*पावसाळा.* पाऊस सुरू झाला की आठ-दहा दिवस चालणं बंद पडतं आणि मग ते बंदच राहतं. म्हणून पहिल्या पावसाच्या आधीच घरातल्या व्यायामाची जागा ठरवा. बिल्डिंगचा जिना, पार्किंग, कुठलीही कोरडी जागा. श्रावणातले उपवास वजनासाठी उपयोगी पडतील असं वाटतं, पण साबुदाण्याची उसळ, तळलेले आलू आणि शेंगदाण्याचा कूट मिळून तो दिवस रोजच्यापेक्षा जड होतो. भगर, ताक, फळ, काकडी यांवर उपवास करता येतो. पोळ्याची पुरणपोळी, दुसऱ्या दिवशीची मारबत, मग गणपती, महालक्ष्म्यांचं जेवण, नवरात्र, कोजागिरी आणि दिवाळी. ही सलग ओळ आहे, आणि या ओळीत वजन उतरावं असा हट्ट धरणाऱ्यांची मला काळजी वाटते. महालक्ष्म्यांचा नैवेद्य, आंबील, पुरण मनापासून खा. सणाचा दिवस सणाचा. अडचण दुसऱ्या दिवसाच्या उरलेल्या पुरणाने आणि महिनाभर डब्यात राहणाऱ्या चिवडा-शंकरपाळ्यांनी होते. फराळ अर्धाच करा, आणि डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवू नका.

५. "जर-तर" लिहून ठेवा

"मी आता कमी खाईन" हे वाक्य कुठल्याच वेळी कामाला येत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलं की "अमुक घडलं तर मी तमुक करीन" असं आधी ठरवलेलं असेल तर माणूस ते जास्त वेळा पार पाडतो. तुमचे प्रसंग तुम्हालाच ठाऊक. माझ्या वहीतले काही देते:

- ऑफिसातल्यांनी सकाळी तर्री पोहे मागवले, तर मी एक प्लेट घेईन, चणे खाईन, वरचं तेल बाजूला करीन आणि सोबत आलूबोंडा घेणार नाही.
- सावजीला जायचं झालं, तर रश्शातले पिसेस आणि ज्वारीची भाकर, भात नाही.
- संध्याकाळी फुटाळ्यावर जायचा बेत निघाला, तर आधी चालणं आणि मग एकच ठेला.
- सकाळी पाऊस असला, तर बूट घालून जिना दहा मिनिटं.
- रात्री दहानंतर भूक लागली, तर एक ग्लास ताक, आणि तरी लागली तर भाजलेले फुटाणे मूठभर.

पाच-सहाच्या वर लिहू नका. लक्षात राहत नाहीत.

६. घरच्यांशी आधीच बोला

यावर कोणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते अर्धे लोक इथेच अडतात. आपल्याकडे वाढणं म्हणजे माया. तुम्ही पोळी नाकारली की आईला वाटतं तिच्या हाताची चव गेली, सासूबाईंना वाटतं सुनेला घरचं चालत नाही. ताटावर बसून वाद घालू नका. दुपारी, निवांत असताना, रिपोर्ट पुढे ठेवून सांगा: "आई, डॉक्टरांनी साखर काठावर सांगितली आहे. तुझ्या हातचंच खाणार आहे, फक्त फोडणीचं तेल मापाने घालू आणि मला दोनच पोळ्या वाढ." डॉक्टरांचं नाव आणि तिच्या हातचं जेवण, दोन्ही त्या वाक्यात असू द्या. वेगळा डाएटचा स्वयंपाक मागू नका. वेगळं ताट दोन महिन्यांच्या वर टिकत नाही, आणि तो भार बहुधा घरातल्या एकाच बाईवर पडतो.

घरात वरण, उसळ, अंडी, दही यांचं प्रमाण वाढवून भात-पोळी थोडी कमी केली, तर बाकीच्यांनाही खटकत नाही आणि तुम्हाला भूक कमी लागते. जवसाची चटणी, झुणका हे आपले पदार्थ चांगलेच आहेत, फक्त वरून घ्यायचं तेल मोजा.

नवऱ्याला किंवा बायकोला पहारेकरी करू नका. "हे का खाल्लं?" हा प्रश्न रोज ऐकला की माणूस लपून खायला लागतो. त्यांच्याकडे एकच काम द्या: सकाळी उठवणं, किंवा मुलांना तेवढा अर्धा तास सांभाळणं. बायकांना पहाटे एकटीने निघणं अवघड वाटतं, तर गल्लीतली एक मैत्रीण शोधा. ती तुमच्याच वजनाची असायची गरज नाही, तिने गेटपाशी येऊन उभं राहावं एवढंच.

आणि भेटल्या-भेटल्या "अजून बारीक नाही झालीस?" विचारणारे नातेवाईक प्रत्येकाला असतात. त्यांना आकडा सांगू नका. "तब्येत बरी आहे, दम लागत नाही आता" एवढं म्हणा आणि विषय बदला.

७. काटा थांबला की

तो थांबणार. शरीर हलकं झालं की त्याला चालायला, बसायला, श्वास घ्यायलाही पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा लागते. ८२ किलोला जे जेवण कमी पडत होतं, ते ७४ किलोला जवळपास पुरतं. यात तुमचा दोष नाही, आणि हे कळलं नाही तर माणूस जेवण तोडायला लागतो.

दोन आठवडे आकडा स्थिर असेल तर काहीच करू नका. चार आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही हलली नाहीत, तर या क्रमाने बघा:

पहिलं, सात दिवस खाल्लेलं सगळं लिहा. चहाची साखर, मुलांच्या ताटातलं उरलेलं, चाखून बघितलेली भाजी, सगळं. बहुतेकांचं उत्तर इथेच सापडतं.

दुसरं, झोप. रोज पाचच तास झोपणाऱ्याची भूक वेगळीच असते.

तिसरं, ताकदीचा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. नुसतं चालणारे हा दुसरा भाग सोडून देतात. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या, उठ-बस, भिंतीवरचे दंड, यापासून सुरुवात होते.

या काळात वहीचं दुसरं पान उपयोगी पडतं. त्यावर काट्याशी संबंध नसलेल्या गोष्टी लिहा: सेमिनरी हिल्सच्या चढावर न थांबता गेले, अंगठी सैल झाली, खाली बसून उठताना हात टेकावा लागला नाही, रक्तदाब खाली आला. मात्र रक्तदाब खाली आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.

८. सापळे, थोडक्यात

"पंधरा दिवसांत दहा किलो" म्हणणारा कोणीही असो, दूर राहा. फार वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, केस गळतात, स्नायू झिजतात. जेवणाऐवजी पावडरचे शेक, घाम काढणारे पट्टे, नाव नसलेले काढे, यांवर पैसे घालवू नका. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही इंजेक्शनं २०२५ पासून भारतात वजनासाठी मिळू लागली आहेत. काहींना ती खरंच लागतात. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, तपासण्यांसह घ्यायची असतात, आणि बंद केल्यावर वजन बऱ्याचदा परत येतं. जिममधल्या ओळखीने घ्यायची ती गोष्ट नाही.

खाण्यावरचा ताबा वारंवार सुटत असेल, खाल्ल्यावर ओकारी काढावीशी वाटत असेल, किंवा आरशात बघणंच नको झालं असेल, तर वजनाचा विचार बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

९. मध्येच सुटलं तर

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ इतके. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. एक दिवस सुटला तर सुटू द्या, सलग दुसरा जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी जमत नसेल तर अंगणात किंवा गच्चीवर दहा मिनिटं.

महिनाभर सगळं बंद पडलं असेल, लग्न, आजारपण, मुलांच्या परीक्षा, काहीही कारण असो, तर जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. पहिला आठवडा फक्त चालणं, दुसऱ्या आठवड्यात तेलाचं माप, तिसऱ्यात वजन. वाढलेला आकडा पहिल्याच दिवशी बघितला की पाय गळतात, म्हणून काटा तिसऱ्या आठवड्यापर्यंत पलंगाखाली सरकवून ठेवा.

१०. वजन उतरल्यावर

अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते ज्यांनी १३ किलोंहून जास्त वजन उतरवून किमान वर्षभर टिकवलं. त्यांतले बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि रोज सरासरी तासभर शरीर हलवतात. म्हणजे वही बंद करायची नाही, फक्त पातळ करायची. तुमच्या शेवटच्या वजनात दोन किलो मिळवून तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहा. आठवड्याची सरासरी त्याच्या वर गेली की त्याच दिवशी जुनं वेळापत्रक पुन्हा सुरू करायचं: तेल मापाने, खाल्लेलं लिहून, सकाळचं चालणं, सरासरी लाल आकड्याखाली येईपर्यंत. दिवाळीनंतरच्या आठवड्यात ही वेळ येण्याची शक्यता सर्वात जास्त, म्हणून कॅलेंडरवर तो आठवडा आत्ताच गोल करून ठेवा.